मांपुहानच्या बाया आणि कापडावर कापड

आमच्या ट्रेनिंगमध्ये दरवेळी कुणीतरी विचारतंच, की ताई, घरात मार खाल्लेल्या बाईला किंवा दंगलीत दुकान जळालेल्या माणसाला सुई-दोरा देऊन काय होणारे, त्यांना वकील पाहिजे, पैसा पाहिजे, पोलीस स्टेशनला सोबत कुणीतरी पाहिजे. प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून मी दोन वाक्यात उत्तर देत नाही, मांपुहानची केस सांगते, आणि सुरुवातीपासून पूर्ण सांगते, कारण अर्धी सांगितली की "बाया शिवायला बसल्या आणि बऱ्या झाल्या" अशी गोड गोष्ट होते तिची आणि मग आपणही उद्या तसंच करायला जातो आणि कुणाचं तरी दुखणं वाढवून येतो. ते मी स्वतः केलेलं आहे, खाली सांगेन.

मांपुहान हे कोलंबियातलं छोटं गाव. बोलिवार प्रांत, मारिया ला बाहा तालुका म्हणा, कॅरिबियन किनाऱ्यापासून आत, मोंतेस दे मारिया नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी. लोकं बहुतेक सगळी आफ्रिकन वंशाची, शेतकरी. मका, भात, कसावा, आणि ञामे नावाचा कंद, म्हणजे आपलं कोनफळ किंवा त्याचाच भाऊबंद. माती चांगली, पाणी बरं, आणि डोंगरातून समुद्राकडे जायचे रस्ते इथूनच, त्यामुळे 1990 नंतर हा सगळा भाग सरकारविरुद्ध लढणाऱ्या गनिमी संघटना आणि त्यांच्या विरोधातल्या सशस्त्र टोळ्या यांच्या कात्रीत सापडला. या टोळ्यांना तिथे पॅरामिलिटरी म्हणतात. आपल्याकडे निमलष्करी म्हटलं की सीआरपीएफ डोळ्यासमोर येतं, तसं सरकारी काही नाही हे, खाजगी सैन्य, मोठ्या जमीनदारांच्या आणि ड्रग्जच्या पैशावर पोसलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी लष्कराने तिकडे पाठ फिरवून त्यांना मोकळं रान दिलेलं. गनिम रात्री गावातून गेले, कुणी भीतीपोटी त्यांना पाणी दिलं, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव "गनिमांचं" ठरायचं.

10 मार्च 2000 च्या संध्याकाळी दीडेकशे हत्यारबंद माणसं मांपुहानमध्ये शिरली. गावाला चौकात गोळा केलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, फेब्रुवारीत, त्याच डोंगरातल्या एल सालादो गावात याच टोळ्यांनी साठ माणसं मारली होती, गावच्या कलाकेंद्रातले ढोल बाहेर काढून ते वाजवत वाजवत मारली होती, आणि ही बातमी सगळ्यांना माहीत होती. चौकात उभ्या केलेल्या लोकांना सांगितलं गेलं की तुमचं एल सालादो होणारे. बाया-पोरं-म्हातारे रांगेत. मग गावातली माणसं सांगतात त्याप्रमाणे वरून कुठूनतरी निरोप आला की यांना मारू नका, आणि हुकूम बदलला: सकाळपर्यंत गाव रिकामं करा. काही पुरुषांना वाटाडे म्हणून डोंगरात नेलं. दुसऱ्या दिवशी, 11 मार्चला, लोकं डोक्यावर बोचकी घेऊन बाहेर पडली, 245 कुटुंबं, आणि त्याच दिवशी वर लास ब्रिसास नावाच्या वस्तीत त्या टोळीने अकरा-बारा शेतकरी मारले, चिंचेच्या झाडाजवळ. हो, चिंचच. ती तिकडे दारादारात असते, आपल्यासारखीच.

म्हणजे मांपुहानच्या माणसांना वाचल्याचं समाधान मानायलाही जागा उरली नाही. आपण सुटलो आणि वरचे मेले. ज्यांना वाटाडे म्हणून नेलं त्यांच्या मनात काय राहिलं असेल याचा नुसता विचार करा.

पुढची वर्षं पटकन सांगते. मारिया ला बाहामध्ये शाळांत, सार्वजनिक इमारतींत, नातेवाईकांच्या पडवीत दाटीवाटीने राहिले, मग चर्चच्या मदतीने गावाजवळ जमिनीचा तुकडा मिळाला आणि तिथे नवं मांपुहान उभं राहिलं, रोसास दे मांपुहान. शेती गेली, कोंबड्या-डुकरं गेली, आणि "विस्थापित" हा शिक्का बसला. कोलंबियात अशा विस्थापितांची सरकारी नोंद 80 लाखांच्या वर गेलेली आहे, त्यामुळे 245 कुटुंबांकडे वेगळं लक्ष कोण देणार. बाया नंतर मुलाखतींमध्ये सांगतात की त्या काळात आपसात त्या रात्रीबद्दल बोलणं होत नव्हतं. सगळ्यांनी एकच रात्र पाहिली होती आणि तरीही बोलणं नाही. मला हे अजिबात आश्चर्याचं वाटत नाही, आपल्याकडे एकाच घरातल्या दोन जावा पंधरा वर्षं एकमेकींचा मार बघतात आणि शब्द काढत नाहीत.

2006 च्या सुमारास तेरेसा गाइसर नावाची एक अमेरिकन बाई तिथे आली. मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाची, मानसशास्त्रातली, आणि त्यांच्या पंथात तुकडे जोडून रजया शिवायची फार जुनी परंपरा. तिने ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या आघातावर, काम करायला म्हणून बायांना ते शिकवायला घेतलं. तिथल्या भाषेत "तेला सोब्रे तेला", म्हणजे कापडावर कापड. आपण पॅचवर्क म्हणतो ते.

आता इथे जरा थांबते कारण केसचा जीव इथे आहे.

सुरुवातीला काय शिवलं? चौकोन, त्रिकोण, पट्ट्या. भूमितीची नक्षी. त्या रात्रीचं चित्र कुणी शिवायला सांगितलं नाही. बाया जमायच्या, कापडं कापायच्या, टाके घालायच्या, काहींना कंटाळाही आला की हे काय त्रिकोण त्रिकोण. मग त्यांच्यातूनच आलं की हे चौकोन आपले नाहीत, आपली गोष्ट शिवूया. आणि मग त्यांनी ती रात्र शिवली. गाव, डोंगर, झाडं, हिरव्या कपड्यातली हत्यारबंद माणसं, आणि काळ्या कापडाची छोटी छोटी माणसं, आपली माणसं, डोक्यावर सामान घेऊन रस्त्याने चाललेली. त्या कापडाचं नाव "दिया दे यांतो", रडण्याचा दिवस.

फोटोत हे कापड पाहिलं की आधी रंग दिसतात, पिवळा, निळा, फुलाफुलांचे तुकडे, लहान मुलांच्या खोलीत लावावं असं वाटतं. मग जवळून बघितलं की कळतं की त्या इवल्या माणसाच्या हातात बंदूक आहे. ज्यांनी वाकळ पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल. आमची आजी वाकळ शिवायची तेव्हा मी पायाशी बसून तिला सुईत दोरा ओवून द्यायचे, तिला दिसायचं नाही. आजोबा गेले त्या पावसाळ्यात तिने त्यांची दोन धोतरं आत घातली, वर स्वतःच्या इरकलीचे तुकडे, आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत येत राहिली, एक फेरा, त्याच्या आत दुसरा फेरा, बोटभर अंतर सोडून. बोलायची नाही. मध्येच एखादा तुकडा हातात घेऊन म्हणायची, हे पंढरपूरला जाताना नेसलं होतं. बास. परत सुई चालू. मधोमध पोचायला तिला दिवाळी आली. आता मागे वळून बघताना मला दिसतं की तिने त्या वर्षी आजोबांबद्दल जे काही बोललं ते सगळं त्या वाकळीवर बसूनच बोलली, स्वयंपाकघरात एकदाही नाही.

मांपुहानच्या बाया सांगतात की पहिलं कापड शिवताना त्या रडायच्या. नंतर नंतर शिवताना बोलणं सुरू झालं, आठवणी जुळायला लागल्या, हा माणूस इथे उभा होता, नाही गं तो तिकडे होता, अमकीचं घर इथे, आंब्याचं झाड कुठे, आणि मग कधीतरी हसणंही आलं. हा क्रम बघा. आधी हात, मग डोळ्यातलं पाणी, मग शब्द.

हे असं का होतं यावर पुस्तकात बरंच काही सापडेल, पण मी वीसेक ग्रुपमध्ये बसून जे पाहिलंय त्यावरून सांगते. समोरासमोर खुर्च्या मांडून "बोला, काय झालं" म्हटलं की बाईला आपल्या डोळ्यात बघावं लागतं आणि आपल्या चेहऱ्यावर काय उमटतंय हे तिला तपासत राहावं लागतं, आपल्याला घाण तर नाही ना वाटत, आपण रडत तर नाही ना. शिवताना सगळ्यांच्या माना खाली. बोललं तर कापडाकडे बघून बोललं जातं, आणि नाही बोललं तरी कुणाला खटकत नाही कारण ती काहीतरी करतेच आहे. गप्प बसायलाही मान मिळतो. दुसरं म्हणजे वेग. हिंसेची आठवण एकदम अंगावर येते, सगळी एका वेळी, आवाजासकट वासासकट. कापडावर ती एका वेळी एका टाक्याने येते. आज फक्त घराचं छप्पर कापलं. उद्या दार. माणसं पुढच्या आठवड्यात. नको वाटलं तर सुई कापडात टोचून ठेवून घरी जायचं, ते तिथेच राहील, पळून जाणार नाही आणि मागेही येणार नाही. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं, म्हणजे उसवता येतं. त्या रात्री काही बदलायची सोय नव्हती, कुठे उभं राहायचं हेही बंदुकवाल्याने ठरवलं. कापडावर कोण कुठे उभा राहील, तो किती मोठा दिसेल, कुठल्या रंगाचा, हे ती ठरवते, आणि चुकलं की उसवून परत. ज्या बाईच्या हातातून सगळे निर्णय काढून घेतले गेले तिच्यासाठी हा छोटा निर्णय छोटा नसतो.

पण सहा वर्षं गेली होती हे विसरू नका. 2000 ची घटना आणि 2006 च्या आसपासचं शिवण. डोक्यावर छप्पर आलेलं होतं, नवी वस्ती होती, शेजार होता, चर्चमधली रविवारची बैठक होती, एकमेकींना ओळखणाऱ्या बाया होत्या. शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपत होत्या तेव्हा कुणी त्यांना त्या रात्रीचं चित्र काढा म्हटलं असतं तर ते क्रूर झालं असतं.

या बायांमधली पुढे आलेली एक म्हणजे हुआना आलिसिया रुईस. तिने आणि बाकीच्यांनी मिळून याला पुढे संस्थेचं रूप दिलं, नाव "मुहेरेस तेहियेंदो सुएन्योस इ साबोरेस दे पाझ", म्हणजे शांततेची स्वप्नं आणि चवी विणणाऱ्या बाया. चवी कारण त्या खाण्याचे पदार्थही करतात, नुसत्या कापडावर घर चालत नाही. मला हे नावच फार आवडतं.

आता वकिलाच्या प्रश्नाकडे येते, कारण ट्रेनिंगमध्ये नेमकं इथेच लोकं खुर्चीत सरसावून बसतात. कोलंबियात 2005 साली न्याय आणि शांतता कायदा आला, कायदा क्रमांक 975. हत्यारं खाली ठेवलेल्या टोळीवाल्यांनी खरं सांगितलं, गुन्हे कबूल केले, नुकसान भरून दिलं तर शिक्षा जास्तीत जास्त 8 वर्षं. शेकडो खुनांना आठ वर्षं, यावर तिथे केवढा संताप झाला असेल ते सांगायला नको. या कायद्याखाली गटाच्या म्होरक्यांना शिक्षा आणि पीडितांना भरपाई असा पहिला मोठा निकाल लागला तो मांपुहान आणि लास ब्रिसासच्याच प्रकरणात, 29 जून 2010 रोजी राजधानी बोगोटाच्या न्यायालयात, आरोपी एदवार कोबोस तेयेस उर्फ दिएगो वेसिनो आणि उबेर बांकेस उर्फ हुआंचो दिके. एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सुनावणीच्या वेळी मांपुहानच्या लोकांनी या दोघांना समोरासमोर माफ केलं, बायबल दिलं. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. माझा स्वतःचा माफीवर फारसा विश्वास नाही, आणि आपल्याकडे तर बाईच्या मागे "माफ कर, विसरून जा, संसार कर" म्हणून लोकं हात धुऊन लागतात. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माफी गुन्हा कबूल झाल्यावर, न्यायालयात, सगळ्यांसमोर दिली गेली, घराची अब्रू झाकायला नाही. आणि माफ केलं म्हणून त्यांनी भरपाई सोडली नाही. पैसे येईनात तेव्हा 2011 च्या डिसेंबरात गाव पायी निघालं कार्ताहेनाला, प्रांताच्या राजधानीला, बाया, म्हातारे, पोरं, रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्याने, आणि त्यानंतर रक्कम हलायला लागली.

म्हणून मी म्हणते सुई की वकील हा प्रश्नच तिथे कुणी विचारला नाही. ज्या बाया चार वर्षं एकत्र बसून कोण कुठे उभं होतं हे कापडावर ठरवत होत्या त्यांच्याकडे साक्षीला लागणारी आठवणही होती आणि ती सांगताना आवाज न कापण्याची थोडी सवयही. याचा पुरावा म्हणून मी आकडा देऊ शकत नाही, हे माझं वाचन आहे, पण आमच्याकडे कोर्टात उलटतपासणीत कोसळलेल्या बाया मी पाहिल्यात आणि ज्यांनी आधी ती गोष्ट सुरक्षित जागी, ओळखीच्या माणसांत, तुकड्या तुकड्याने पाच-दहा वेळा बाहेर काढलेली असते त्या कमी कोसळतात. एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

कापडाचं काम पुढे दोन दिशांना गेलं. एक म्हणजे आसपासच्या गावांत. मोंतेस दे मारियामध्ये मांपुहानसारखी कितीतरी गावं, त्या बाया तिथे जाऊन शिकवायला लागल्या. इथे माझ्या मते खरा आधार सुरू झाला, कारण आता शिकवणारी बाई परदेशातून आलेली नव्हती, ती तीच रात्र काढलेली होती, तिच्यासमोर कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि शिकवणाऱ्या बाईलाही काहीतरी मिळतं. काल जी मदत घेणाऱ्यांच्या रांगेत होती ती आज देणारी झाली, हा बदल अंगात दिसतो, बसण्याच्या पद्धतीत दिसतो.

दुसरी दिशा मागे, इतिहासात. त्यांनी आपल्या पूर्वजांची गोष्ट शिवायला घेतली, आफ्रिकेतली गावं, पकडून नेणं, जहाज, कार्ताहेनाच्या बाजारात माणसांचा लिलाव, आणि पळून जाऊन जंगलात वसवलेली बंडखोर गावं. मारिया ला बाहाच्या शेजारीच सान बासिलियो दे पालेंके आहे, पळालेल्या गुलामांनी वसवलेलं, आजही स्वतःची वेगळी भाषा बोलणारं. म्हणजे 2000 साली हाकललं जाणं ही त्यांना सुटी घटना वाटेनाशी झाली, आपल्याला आधीही हाकललंय आणि आपण आधीही गाव वसवलंय. हे त्यांनी स्वतः शोधलं. कुठल्या समुपदेशकाने सत्र घेऊन दिलेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या शेजारी उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकं राहतात, आफ्रिकन वंशाची, त्यांचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून निसटून घाटावर जंगलात आलेले. त्यांच्या बाया कवंदी शिवतात, जुन्या कपड्यांची गोधडी, कडेपासून आत आत येणाऱ्या टाक्यांची, कोपऱ्यात फूल लावलेली. आजीच्या वाकळीची बहीणच. दोन महासागरांच्या दोन बाजूंना, गुलामीतून पळालेल्यांच्या लेकी, आणि दोघींच्याही मांडीवर तुकड्यांचं कापड. मी यातून काही सिद्धांत काढत नाहीये, पण सिद्दी बाया आणि मांपुहानच्या बाया एकदा एका सतरंजीवर बसलेल्या बघायची मला खूप इच्छा आहे.

2015 मध्ये मांपुहानच्या विणकर बायांना, तेहेदोरास दे मांपुहान म्हणतात त्यांना, कोलंबियाचा राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला. बोगोटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचं कापड आहे. प्रसिद्धी आली, प्रदर्शनं आली, पाहुणे आले. चांगलंच झालं, कष्टाचं चीज झालं. पण अशा ठिकाणी एक धोका असतो तो आपण आपल्या कामात तरी लक्षात ठेवावा, पाहुणा आला की तीच रात्र परत सांगायची, त्याच शब्दांत, फोटोसाठी परत तेच कापड उलगडायचं. जी गोष्ट सांगून मोकळं झाली ती गोष्ट सांगायची नोकरी होऊन बसते. बाईला "आज नाही सांगत" म्हणायची मुभा आहे का, हे आयोजकांनी बघायचं असतं आणि ते सहसा बघत नाहीत.

याच्या उलटं उदाहरण मी नेहमी जोडून देते, अमेरिकेतल्या न्यूटाउनचं. 14 डिसेंबर 2012, सँडी हुक शाळा, 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं गोळीबारात गेली. वाचलेल्या मुलांना दुसऱ्या इमारतीतल्या शाळेत जायचं होतं, तर तिथल्या पालक-शिक्षक संघटनेने आवाहन केलं की कागदाचे हिमकण कापून पाठवा, वर्ग सजवू. सगळ्या जगातून इतके आले की शेवटी थांबा म्हणायची वेळ आली. टेडी बेअर तर हजारोंनी, आकडा 65 हजारांपर्यंत सांगतात, गाव तेवढंसं, मुलं तेवढीशी, गोदामं भरली. पाठवणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता आणि ते कापताना त्यांनाही आधार मिळाला असेल, दूर बसून हातावर हात धरून राहण्यापेक्षा काहीतरी केलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हात कोणाचे चालले हे बघा. हिमकण कापले दूरच्या माणसाने आणि ज्याचं जळलं त्याच्याकडे खोके उघडण्याचं काम आलं. मांपुहानमध्ये बाहेरून आली ती फक्त पद्धत आणि कापड. हात, चित्र, निर्णय गावाचे. आपल्याकडे कुठे काही घडलं की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, आपण त्यांच्यासाठी काय बनवून पाठवूया. मी लिहिते, आधी विचारूया त्यांना काय बनवायचंय, आणि ते बनवायला जागा, चहा आणि पोरं सांभाळायला माणूस आहे का.

आता माझी चूक. आठेक वर्षांपूर्वी एका संस्थेने बोलावलं होतं, घरगुती हिंसेतून बाहेर आलेल्या बायांचा ग्रुप, दोन दिवसांचं शिबिर, सोळा जणी. मी मांपुहानबद्दल नुकतंच वाचलेलं आणि भारावून गेलेले. पहिल्याच दुपारी सगळ्यांना काळं कापड दिलं, रंगीत चिंध्यांचा ढीग मध्ये ओतला आणि म्हटलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस यावर शिवा. मला ते फार धाडसी वगैरे वाटलं होतं. दहा मिनिटांत एक बाई कात्री हातात धरून नुसती बसून राहिली, चेहरा पांढराफटक, श्वास वरवर. ढिगाऱ्यात तिला एक लाल-पिवळ्या चौकड्यांचा तुकडा दिसला होता, नवऱ्याची लुंगी तशीच होती. ती उठून बाहेर गेली ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मी चौकोन-त्रिकोणांची ती सगळी सुरुवातीची बैठक फालतू समजून गाळून टाकली होती. ओळख नाही, विश्वास नाही, घरी गेल्यावर तिच्याजवळ कोण आहे याची चौकशी नाही, आणि दोन दिवसांनी मी गावाला परत जाणार. मांपुहानकडे सहा वर्षं आणि अख्खं गाव होतं, मी दीड दिवसात उरकायला निघाले होते.

त्या बाईला मी नंतर जाऊन भेटले, माफी मागितली. ती म्हणाली, तुमची चूक नाय ताई, कापडच तसलं होतं. पण चूक माझीच होती.

त्यानंतर पद्धत बदलली. आता जिथे कुणी कायम राहणारं माणूस नाही तिथे मी शिवणाचं काम सुरूच करत नाही, अंगणवाडी ताई असो, आशा असो, बचत गटाची अध्यक्ष असो, पण दर आठवड्याला तीच दिसली पाहिजे. पहिले दोन-तीन महिने नुसते चौकोन. कापडं बायांनी आपापल्या घरून आणायची, म्हणजे कुठला तुकडा बाहेर काढायचा हे ती घरीच ठरवून येते. कात्र्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या, हे उगाच नाही, काही बायांचे हात आधी स्वतःवर चाललेले असतात. लहान मुलांसाठी शेजारची खोली. चित्र शिवा असं कुणी सांगायचं नाही, विषय द्यायचा नाही, "छान झालं" सुद्धा जपून म्हणायचं कारण मग स्पर्धा लागते. कुणी बोललीच आणि त्यात गुन्हा निघाला तर पुढे कुठे जायचं, संरक्षण अधिकारी कोण, कोणता वकील खरोखर फोन उचलतो, याचा कागद माझ्या पिशवीत आधीपासून हवा. आणि तयार कापडाचं काय करायचं, विकायचं, पांघरायचं, जाळायचं, दाखवायचं की पेटीत ठेवायचं, हे जिने शिवलं ती ठरवणार. संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर जाणार नाही. यावरून माझं दोन ठिकाणी भांडण झालंय आणि पुन्हा होईल.

आणि ती लुंगीवाली बाई. साताठ महिन्यांनी ती आपणहून आली, तोवर तिथे बुधवारचा ग्रुप चालू झाला होता, दुपारी तीन ते पाच, अंगणवाडीच्या खोलीत. भिंतीला टेकून बसायची. चित्र तिने कधीच शिवलं नाही. आधी चौकोन जोडले, मग लेकीसाठी पूर्ण मापाची वाकळ धरली, सगळे तुकडे लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकचे आणि आईच्या लुगड्याचे. मार्चमध्ये धरलेली, गणपतीच्या आधी मधोमध पोचली. शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला, घडी केली, पिशवीत घातली आणि पावणेपाचची एसटी असते म्हणून चहा न घेता निघाली. पुढच्या बुधवारी नवीन आलेल्या एका पोरीला सुईत दोरा कसा ओवायचा ते तीच दाखवत होती.